काळ्या काचेची गोष्ट : लडाखच्या बर्फापासून आमगावच्या वेल्डिंग दुकानापर्यंत

गेल्या रमजान ईदच्या आठवड्यात माझे दोन माजी विद्यार्थी घरी येऊन गेले. पहिला फौजेत आहे, लडाखमधून सुटीवर आला होता. शीरखुर्मा झाल्यावर त्याने पिशवीतून एक जाडजूड गॉगल काढला. चष्म्यासारखा नव्हे, डोळ्यांभोवती घट्ट बसणारा, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला. सोबत दोन सुट्या काचा होत्या. एक जवळजवळ काळी, दुसरी पिवळी.

"सर, ही उन्हाची आणि ही ढगाची," तो म्हणाला.

मला गंमत वाटली. ढगाळ दिवशी गॉगल कशाला लागतो? आमच्या आमगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हाही अर्धे गाव डोक्याला दुपट्टा बांधून उघड्या डोळ्यांनी फिरते. तो हसला. म्हणाला, "सर, तिकडे नवा माणूस ढगाच्या दिवशीच फसतो. ऊन नाही म्हणून गॉगल काढतो आणि रात्री डोळे धरून ओरडत बसतो."

दुसरा विद्यार्थी दोन दिवसांनी आला. खरे तर त्याचे वडील त्याला हाताला धरून घेऊन आले. बारावीनंतर तो एका वेल्डिंगच्या दुकानात हेल्पर म्हणून लागला आहे. गेट आणि ग्रिल बनवण्याचे काम. उस्ताद टाका मारतो तेव्हा हा लोखंड धरून उभा असतो. काळी काच एकच, ती उस्तादाच्या हातात. पोराचे डोळे सुजून लाल झाले होते आणि घळाघळा पाणी येत होते. "रात्रभर डोळ्यात रेती गेल्यासारखं वाटतंय सर," तो म्हणाला. अम्मीने आलूच्या चकत्या ठेवल्या होत्या, गुलाबजल घातले होते. आपल्याकडे याला "वेल्डिंग लागली" म्हणतात आणि दोन दिवसांत उतरते म्हणून सोडून देतात. मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. फौजी मुलाने सांगितलेला बर्फाचा आजार आणि या मुलाचा वेल्डिंगचा आजार एकच आहे. दोन्हीत अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. उन्हात आपली कातडी भाजते, तसाच. लगेच काही कळत नाही, सहा ते बारा तासांनी आग सुरू होते. म्हणून हा त्रास बहुधा रात्री जागा होतो.

एक मुलगा हिमालयात, एक स्टेशनजवळच्या दुकानात. एकाकडे दोन काचा, दुसऱ्याकडे एकही नाही. त्या रात्री मी या काचेचा इतिहास शोधायला बसलो. तो आपल्या भाषेपासूनच सुरू झाला.

शब्दांत लपलेला डोळा

मराठीतला 'चष्मा' फारसीतल्या 'चश्म'पासून आला, म्हणजे डोळा. उर्दूतली 'ऐनक' अरबी 'ऐन'पासून आली, म्हणजे पुन्हा डोळाच. पण मला सर्वांत मोठे आश्चर्य वाटले ते एका अरबी शब्दाचे. बर्फ पाहून डोळे दिपणे, दिसेनासे होणे, याला अरबीत 'कुमूर' म्हणतात. ज्या धातूपासून 'कमर' म्हणजे चंद्र हा शब्द येतो, त्याच धातूचा हा शब्द. अरबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येते. पण ही भाषा बुखारा आणि हमदानच्या बर्फाळ मुलखातल्या हकिमांचीही होती, म्हणून वैद्यकाला हा शब्द लागला.

इब्न सिना बुखाराजवळ जन्मला आणि १०३७ साली हमदानला वारला. त्याच्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात डोक्यापासून पायापर्यंतचे आजार क्रमाने येतात. त्यात डोळ्यांच्या भागात कुमूरची नोंद आहे. फार तीव्र प्रकाश आणि फार पांढरेपणा, जसे बर्फाकडे पाहणे, यांनी नजर दुबळी होते, असे तो सांगतो. उपाय काय? हिरवे आणि आकाशी रंग पाहत राहावे, डोळ्यांसमोर काळे काही टांगावे. एक हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आहे. गॉगल शोधला गेला नव्हता, पण गॉगलची कल्पना हकिमाच्या चिठ्ठीत होती.

ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. ग्रीक सेनानी झेनोफन इसवी सनापूर्वी ४०१ साली हरलेल्या मोहिमेतून दहा हजार सैनिकांसह माघारी निघाला. आर्मेनियाच्या डोंगरात बर्फ लागला, शिपाई आंधळे होऊ लागले. चालताना डोळ्यांसमोर काहीतरी काळे धरले की त्रास कमी होतो, असे त्याने आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले. फौज, बर्फ आणि डोळे यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

डोळ्याचे दुखणे हाच पुरावा

डोळ्याला प्रकाश लागतो, हे आपल्याला आज उघड वाटते. पण जुन्या काळी मोठमोठे विद्वान उलटे मानत. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते पाहण्याचे किरण डोळ्यातून बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात. हे खरे असते तर सूर्याकडे पाहून डोळ्याला इजा का व्हावी?

नेमका हाच मुद्दा बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने (९६५ ते सुमारे १०४०) उचलला. शाळेच्या पुस्तकांत त्याचे नाव 'अलहाझेन' असे येते. कैरोत लिहिलेल्या 'किताब अल-मनाझिर'च्या सुरुवातीलाच तो साधी निरीक्षणे मांडतो. सूर्याकडे टक लावली की डोळा दुखतो. तेजस्वी वस्तू बराच वेळ पाहून अंधारात नजर वळवली तरी तिचा ठसा काही काळ दिसत राहतो. म्हणजे प्रकाश बाहेरून येऊन डोळ्यावर काहीतरी करतो. पुढे गणित आणि प्रयोगांची मोठी इमारत त्याने उभी केली, पण तिच्या पायात डोळ्याचे दुखणे आहे. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ साली युरोपात छापला गेला आणि तिथल्या प्रकाशशास्त्राचा आधार झाला.

त्याचा आणखी एक छोटा ग्रंथ सूर्यग्रहणाच्या आकारावर आहे. बारीक छिद्रातून आलेला प्रकाश भिंतीवर पडला की ग्रहणाची कोर भिंतीवर उमटते, ती का उमटते याचा हिशेब त्यात आहे. आज आपण शाळेत पुठ्ठ्याला भोक पाडून मुलांना ग्रहण दाखवतो, त्याचे शास्त्र तिथे सापडते. सूर्य पाहायचा, पण सूर्याकडे पाहायचे नाही.

फट, केस आणि काजळी

किताबी ज्ञान एकीकडे आणि बर्फात जगणाऱ्यांचे ज्ञान दुसरीकडे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी हाडाचे, हस्तिदंताचे, लाकडाचे गॉगल बनवले. त्यांत काच नाही. डोळ्यांसमोर फक्त एक आडवी बारीक फट. प्रकाश थोडा आत येतो, पाहायला पुरतो. आतल्या बाजूला काजळी चोळायची, म्हणजे आत शिरलेला उजेड पुन्हा चमकत नाही. असे गॉगल सुमारे दोन हजार वर्षांपासून वापरात आहेत. फटीचा फायदा असा की तिच्यावर वाफ धरत नाही आणि ती फुटत नाही. तोटा असा की पायाखालचे आणि बाजूचे नीट दिसत नाही.

तिबेटकडच्या पठारावर याकच्या काळ्या केसांची जाळी विणून ती डोळ्यांवर बांधत. आपल्या बायका नकाबाच्या बारीक जाळीतून रस्ता पाहतात, तसेच काहीसे. केसांच्या मधून दिसते, झगमगाट अडतो.

या सगळ्यांना एक गोष्ट कळली होती, जी आजही बाजारात गॉगल घेताना आपण विसरतो. बर्फावर उजेड फक्त वरून येत नाही, खालूनही येतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. कोरडी वाळू साधारण १५ टक्के परत फेकते आणि गवत, माती, पाणी यांचा वाटा १० टक्क्यांच्या आत असतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणून बर्फात टोपी पुरत नाही. गॉगल खालून आणि बाजूंनी बंद लागतो.

आमच्याकडे जुलैत रोवणीच्या दिवसांत बांध्यांत पाणी भरलेले असते आणि दुपारी त्यावरून उजेड डोळ्यांत घुसतो. त्रास होतोच, पण तो बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशाचा झगमगाट असतो. बर्फासारखा तो एका दिवसात डोळा भाजून काढत नाही. पाण्यावरची आणि डांबरी रस्त्यावरची ही आडवी चमक कापणारी काच, म्हणजे पोलरॉइड, अमेरिकेच्या एडविन लँडने १९२९ च्या सुमारास तयार केली. म्हणजे काचेचे दोन वेगळे धर्म झाले. एक झगमगाट कमी करण्याचा, दुसरा न दिसणारे किरण अडवण्याचा. पहिला धर्म डोळ्याला कळतो, दुसरा कळत नाही. सगळी फसगत इथेच होते.

न दिसणारा उजेड कसा सापडला

हे न दिसणारे किरण सापडले तेही काच निवडतानाच. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमधला मोठा खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी तो रंगीत काचा तपासत होता. त्याच्या लक्षात आले की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला ऊब जास्त लागते, आणि काहींतून उजेड भरपूर येतो पण ऊब कमी. मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. हे साल होते १८००. अवरक्त किरण असे सापडले.

पुढच्याच वर्षी जर्मनीत रिटरने उलट्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे पाहिले. तिथे चांदीचा क्षार सर्वांत लवकर काळा पडत होता. हे अतिनील किरण. आणि १८८९ मध्ये स्वीडनचा नेत्रवैद्य विडमार्क याने दाखवून दिले की बर्फाने येणारे अंधत्व थंडीने किंवा पांढऱ्या रंगाने येत नाही, या अतिनील किरणांनी येते. इब्न सिनाने आजार ओळखला होता, पथ्य सांगितले होते. कारण सापडायला आणखी साडेआठशे वर्षे लागली.

या काळात आपला महाराष्ट्रही काळ्या काचेतून आकाश पाहत होता. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकणातल्या विजयदुर्गपासून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरमार्गे वऱ्हाडाकडे गेले. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर आपला लवाजमा घेऊन उतरला होता. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगांववाला दुर्बिणी लावून बसले होते. शास्त्रज्ञांकडे निवडलेल्या काचा होत्या. साध्या माणसाजवळ असायची दिव्यावर धरून काजळी चढवलेली काच. ती माझ्या लहानपणापर्यंत टिकली होती.

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ मला आठवते. दिवाळीचे दिवस होते. मोहल्ल्यातली आम्ही सगळी पोरे छतावर होतो. कुणाकडे काजळीची काच, कुणाकडे फोटोच्या निगेटिव्ह. मी मामूंच्या छातीच्या एक्स-रेमधून ग्रहण पाहिले आणि फार शहाणपणा केला असे मला वाटले. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. एक्स-रेची फिल्म उजेड कमी करते, पण अवरक्त किरण बरेचसे आत सोडते. काळे दिसते म्हणून आपण बिनधास्त टक लावतो आणि आतला पडदा शिजत राहतो. त्या पडद्याला दुखणेही कळत नाही. नशीब बलवत्तर, म्हणून आज मी पुस्तक वाचू शकतो.

मजुरांसाठी बनलेली काच

काळा चष्मा म्हटले की आपल्याला सिनेमातले हिरो आठवतात. पण किरण अडवणारी शास्त्रीय काच हिरोंसाठी बनलीच नव्हती. काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मजुरांना मोतीबिंदू लवकर होतो, असे इंग्लंडमध्ये लक्षात आले होते. त्यांच्यासाठी काच शोधण्याचे काम रॉयल सोसायटीच्या समितीमार्फत विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाकडे आले. काचेत निरनिराळी धातूंची द्रव्ये मिसळून त्याने तीनशेहून अधिक मिश्रणे तपासली. कोणती काच उष्णता अडवते, कोणती अतिनील किरण अडवते आणि तरीही कामापुरते दिसते, याचा हिशेब त्याने १९१३ मध्ये मांडला. सिरियम नावाच्या द्रव्याने अतिनील किरण अडतात, हे त्यातून पुढे आले.

म्हणजे आजच्या प्रत्येक चांगल्या गॉगलची वंशावळ भट्टीवरच्या कामगारापर्यंत जाते. काच शोधली गेली त्याच्यासाठी, मिरवली गेली दुसऱ्याच्या नाकावर. फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांपुढे बसणारे कारागीर आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

एव्हरेस्टवरचा खिसा

गॉगल कधी काढावा आणि कधी काढू नये, याचा धडा एव्हरेस्टच्या इतिहासात आहे. ४ जून १९२४ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत चढला. वाटेत काळा खडक होता, बर्फ नव्हता. गॉगलमुळे पाऊल नीट दिसत नाही म्हणून त्याने तो काढला. खडक काळा आहे, मग धोका कसला, असे त्याला वाटले असावे. रात्री तंबूत त्याचे डोळे गेले आणि सुमारे साठ तास तो आंधळा होता. ६ जूनला त्याचे सोबती मॅलरी आणि आयर्विन शेवटच्या चढाईला निघाले, तेव्हा नॉर्टनला ते दिसतही नव्हते.

ते दोघे परत आले नाहीत. पंचाहत्तर वर्षांनी, १ मे १९९९ रोजी, मॅलरीचा मृतदेह सापडला. त्याचा गॉगल डोळ्यांवर नव्हता, खिशात होता. इतिहासाच्या अभ्यासकांनी यावरून अंदाज बांधला की तो पडला तेव्हा सूर्य मावळलेला असावा. दिवसाउजेडी नॉर्टनची गत डोळ्यांनी पाहिलेला माणूस गॉगल काढणार नाही. मॅलरी शिखरावर पोहोचला होता की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वादात खिशातल्या गॉगलला साक्षीदार म्हणून उभे केले जाते.

उन्हाची काच, ढगाची काच

आता त्या फौजी मुलाच्या दोन काचांकडे येतो. त्याने मला समजावून सांगितले आणि मी नंतर पडताळूनही पाहिले.

गॉगलच्या काचांचे उजेडानुसार ० ते ४ असे पाच वर्ग आहेत. शून्य वर्गाची काच जवळजवळ पांढरी, ८० टक्क्यांहून अधिक उजेड आत सोडणारी. ती रात्रीसाठी किंवा नुसत्या वाऱ्या-धुळीसाठी. एक क्रमांकाची ४३ ते ८० टक्के आणि दोनची १८ ते ४३ टक्के उजेड सोडते. तीन क्रमांकाची ८ ते १८ टक्के. आपल्या उन्हाळ्याला हीच योग्य. चार क्रमांकाची फक्त ३ ते ८ टक्के सोडते. ती उंच पर्वतावरच्या, लख्ख उन्हातल्या बर्फासाठी. ती लावून गाडी चालवू नये, कारण सिग्नल आणि सावलीतला माणूस दिसत नाही.

ढगाळ दिवसाची अडचण निराळी. आकाश पांढरे, जमीन पांढरी, सावली कुठेच नाही. सावली नसली की उंचवटा आणि खड्डा एकसारखे दिसतात. काळी काच लावली तर जे थोडे दिसते तेही जाईल. म्हणून पिवळी किंवा गुलाबीसर काच. विखुरलेला निळा उजेड ती कापते आणि बर्फावरच्या उंचसखल रेषा उठून दिसू लागतात. पण अतिनील किरण पातळ ढगांतून बहुतांश खाली येतातच. त्यांना अडवण्याचा गुण पिवळ्या काचेतही असावा लागतो. म्हणजे काचेचा गडदपणा हवामानानुसार बदलायचा, किरण अडवण्याचा गुण मात्र कधीच बदलायचा नाही.

हे काम किती अवघड असते, ते २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये दिसले. भारताचा एकच खेळाडू तिथे होता, काश्मीरमधल्या तंगमर्गचा आरिफ खान. १३ फेब्रुवारीला जायंट स्लॅलमच्या दिवशी इतका बर्फ पडत होता की पुढचे फाटक दिसणे मुश्कील झाले आणि दुसरी फेरी लांबवावी लागली. सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्मे खेळाडू शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. आरिफने पूर्ण केली आणि तो ४५ वा आला. आपल्या वर्तमानपत्रांत बातमी 'पंचेचाळिसावा' एवढीच आली. त्या उजेडात खाली सुखरूप पोहोचणे काय असते, हे आता मला थोडे कळते.

आपल्या विदर्भाचाही यात वाटा आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा ४६-४७ पर्यंत जातो, तिथल्या या पोरांना बर्फ पुस्तकातच माहीत होता. त्यांच्या डोळ्यांवर योग्य काच होती. ती त्यांना नशिबाने मिळाली नाही. कुणीतरी ठरवले, खर्च केला आणि शिकवले, म्हणून मिळाली.

आणि जिथे कुणी वेळेवर ठरवत नाही, तिथे काय होते? फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. अतिउंचावर तैनात जवानांच्या कपड्यांची आणि साहित्याची तपासणी त्यात होती. त्यात स्नो गॉगल्सचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के असल्याची नोंद आहे. ही परिस्थिती मागच्या वर्षांची होती आणि नंतर पुरवठा सुधारला, असे लष्कराच्या वतीने सांगितले गेले. सुधारला असेल तर आनंदच आहे, माझ्या विद्यार्थ्याकडे दोन काचा मी स्वतः पाहिल्या. पण झेनोफनच्या चोवीसशे वर्षांनंतरही हा प्रश्न हिशेब तपासनिसाच्या अहवालात यावा, हे विसरता येत नाही.

काळे म्हणजे सुरक्षित नव्हे

आता परत वेल्डिंगच्या दुकानात. डोळे बरे झाल्यावर तो पोरगा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या टपरीवरून घेतलेला काळा गॉगल होता. "सर, आता टेन्शन नाही," तो म्हणाला. मी त्याला बसवले आणि सगळा इतिहास चार वाक्यांत सांगितला.

काच नुसती रंगाने काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर ती उघड्या डोळ्यापेक्षाही घातक ठरू शकते. अंधार वाटला की बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला दरवाजा रुंद होतो. डोळे मिचकावण्याची, नजर वळवण्याची आपली नैसर्गिक सवयही सुटते. माझ्या एक्स-रेच्या फिल्मने नेमके हेच केले होते. उलट पॉलिकार्बोनेटचा साधा पांढरा सेफ्टी गॉगल अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. आर्ककडे थेट पाहायला तो चालत नाही, पण बाजूला उभ्या हेल्परच्या डोळ्यांवर अचानक झगमग आली तर तोच वाचवतो. आर्ककडे पाहायचे असेल तर वेल्डिंगची नंबरची काच हवी. नेहमीच्या आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १२ नंबर, गॅस कटिंगला ४ ते ६. गॅसची काच लावून आर्क पाहू नये.

त्याने विचारले, "मग सर, उस्तादांना सांगू का?"

मी गप्प झालो, कारण खरा प्रश्न हाच होता. इब्न सिनाचे पुस्तक हजार वर्षांपूर्वीचे, क्रुक्सची काच शंभर वर्षांपूर्वीची, आणि तरीही हेल्परला काच मागायची तर धीर गोळा करावा लागतो. काम सुटेल ही भीती असते. आपल्या समाजातली किती पोरे गॅरेजमध्ये, फॅब्रिकेशनच्या दुकानांत, कटिंगच्या मशीनवर आहेत, ते मोहल्ल्यात एक चक्कर मारली तरी कळते. आपण जलशांत इब्न अल-हैसमचे नाव अभिमानाने घेतो. घ्यावेच. पण ज्याने डोळ्याच्या दुखण्यातून प्रकाशाचे शास्त्र उभे केले, त्याच्या नावाने टाळ्या वाजवताना मागच्या रांगेत सुजलेल्या डोळ्यांचा पोरगा बसलेला असेल, तर त्या अभिमानाचा त्याला काय उपयोग?

मी त्याच्यासोबत दुकानात गेलो. उस्ताद भला माणूस निघाला. चहा मागवला. म्हणाला, "सर, आम्ही पण असेच शिकलो. रात्री डोळे जळायचे, सकाळी पुन्हा कामावर यायचो. कुणी सांगितलंच नाही." त्याच्या बोलण्यात बहाणा नव्हता. त्याला खरेच कुणी सांगितले नव्हते. शाळेत मीही प्रकाशाचा धडा शिकवणाऱ्यांच्या शेजारच्या वर्गात वीस वर्षे उभा होतो, मलाही सुचले नव्हते.

आता दुकानात खिळ्याला दोन पांढरे गॉगल आणि दुसरी काळी काच लटकलेली असते. पोरगा कधी लावतो, कधी घामाने चिडून काढतो. मी जाता-येता डोकावतो. लावलेला असला की तो लांबूनच हात वर करतो. नसला की माझी सावली पाहून पटकन लावतो.